पानात टाकायचं नाही

शरदच्या बदलीची ऑर्डर आली तेव्हा वृंदाला आधी आनंदच झाला. नागपूरला तिची सख्खी बहीण होती, माहेरची माणसं होती. कोलकात्यात बँकेच्या बालीगंजमधल्या क्वार्टरमध्ये काही वर्षं काढून तिला बंगाली समजायला लागलं होतं, पण बोलायला जीभ अजून वळत नव्हती, आणि वृंदासारख्या बाईला नुसतं ऐकत बसायचं म्हणजे शिक्षाच. हा आनंद रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. पोळीचा तुकडा मोडता मोडता मधुराने सांगून टाकलं, की ती नागपूरला येणार नाही.

तिची नोकरी न्यू टाउनमध्ये होती, नुकतीच बढती मिळाली होती, आणि मैत्रिणीबरोबर राहायला तिने एक फ्लॅटसुद्धा बघून ठेवला होता.

"एकटी राहणार?" शरदने विचारलं.

"एकटी कुठे? मुग्धा आहे ना."

"म्हणजे दोन एकट्या," शरद म्हणाला.

वाद बराच वेळ चालला. शेवटी शरदने तेच केलं, जे तो बँकेत इतकी वर्षं करत आला होता. त्याने फाइल पुढे सरकवली. "तुझी आई हो म्हणत असेल तर माझी हरकत नाही," असं म्हणून तो हात धुवायला उठला. वृंदाला त्याचा असा राग आला, की तिने आमटीचं पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं. आता नाही म्हणावं तर पोरगी जन्मभर बोलणार, आणि हो म्हणावं तर नागपूरला रोज रात्री छताकडे बघत पडायचं. एवढ्या मोठ्या शहरात ही पोर आपल्या पाठीमागे नीट राहील का, एवढंच तिला कळायला हवं होतं, आणि तेवढंच कळायचा काही मार्ग नव्हता.

"तू संध्याकाळी कुठे जातेस, कशी वागतेस, ते मला एकदा बघू दे," ती म्हणाली. "मग सांगते."

"ये की," मधुरा म्हणाली. "शनिवारी मुग्धाचा वाढदिवस आहे. चल आमच्याबरोबर."

आईला असं सहज बोलावणारी मुलगी काही लपवत तरी नसणार, असं वृंदाला वाटलं. तरीसुद्धा शनिवारी ती निघाली ती परीक्षक म्हणूनच. इस्त्रीची साडी, मोठी पर्स, आणि पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर असावं काहीतरी.

जागा क्वार्टरपासून फार लांब नव्हती. एका जुन्या घराची गच्ची, तिच्यावर वेताच्या खुर्च्या, कुंड्यांतून लावलेले छोटे दिवे, आणि कोपऱ्यात गिटार घेऊन गाणारी एक मुलगी. सूर्य नुकताच मावळला होता. मुग्धा आधीच येऊन बसली होती. तिच्या घरच्यांना बागबाजारात येऊन तीन पिढ्या झालेल्या, त्यामुळे तिचं मराठी आजीकडून शिकलेलं आणि अधूनमधून गंजलेलं होतं. पण मुलगी मनमोकळी. तिने वृंदाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, आज तुम्ही आमची गेस्ट. काय पण मागा."

वृंदाने चहा मागितला. चहा मिळत नाही म्हटल्यावर तिने या जागेचे पहिले गुण कापले आणि कॉफी मागवली. मधुराने मात्र गंधराज लिंबाचं सरबत सांगितलं, तेव्हा परीक्षकाला बरं वाटलं. कोलकात्यात वृंदाला मनापासून आवडलेल्या ज्या थोड्या गोष्टी होत्या, त्यांत हे लिंबू सगळ्यांत वर होतं. साल नुसती नखाने खरवडली तरी हाताला दिवसभर वास राहतो. सरबत आलं, उंच ग्लासात, वर लिंबाची चकती आणि पुदिना. मधुराने दोन घोट घेतले न घेतले, तोच गिटारवाल्या मुलीने मुग्धाचं नाव पुकारलं. वाढदिवसाचं गाणं होतं, आणि मुग्धा मधुराला ओढतच घेऊन निघाली.

"आई, ग्लासकडे बघ हं," मधुरा जाता जाता म्हणाली.

"ग्लास काय पळून जातोय?"

"पळून नाही जात, म्हणूनच बघ." ती दोन पावलं परत आली. "माझा नियम आहे. नजरेआड गेलेला ग्लास परत तोंडाला लावायचा नाही. कुणी काही घातलं तर?"

"सरबतात?"

"घालणारा सरबत आहे का दारू, ते विचारत नाही, आई."

वृंदाने मान डोलावली. पोरगी सावध आहे हे बरं वाटलं, आणि एवढं सावध राहावं लागतं याचं वाईटही वाटलं. ती ग्लासकडे बघत बसली. पण ग्लासकडे नुसतं बघत बसणं हे किती कंटाळवाणं काम आहे, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. तिची नजर मधुराकडे गेली, मग दिव्यांकडे, मग परत ग्लासाकडे.

"मासीमा, ही खुर्ची घेऊ का?"

शेजारच्या टेबलावरचा एक तरुण तिच्याशी बोलत होता. स्वच्छ कुर्ता, नीट विंचरलेले केस, हात जोडल्यासारखे पुढे. इथे मित्राच्या आईलासुद्धा मुलं मासीमा, म्हणजे मावशी, म्हणतात, हे वृंदाला ठाऊक होतं, पण अनोळखी मुलाने इतक्या अदबीने म्हटल्यावर ती विरघळलीच. खुर्चीवर तिची पर्स होती, शाल होती, मुग्धाला आणलेली भेट होती. ती वळून एकेक उचलायला लागली. पर्सचा पट्टा खुर्चीच्या वेतात अडकला, तो सोडवायला वेळ लागला. "राहू दे, राहू दे, मी करतो," म्हणत तो टेबलावरून वाकला आणि भेटीची पिशवी त्याने उचलून तिच्या हातात दिली. खुर्ची घेऊन जाताना पुन्हा "थँक यू, मासीमा" म्हणाला. काय संस्कार आहेत, वृंदाच्या मनात आलं. एवढ्या वेळात तिने त्याची नोकरी, आईवडील आणि आडनाव इथपर्यंत मनातल्या मनात मजल मारली होती.

मुली हसत हसत परत आल्या.

"बघत होतीस ना?" मधुराने विचारलं.

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण वृंदाला थाप मारता येत नसे. मारलीच तर कान लाल होत, आणि ते मधुराला लहानपणापासून माहीत होतं.

"होते की. मध्ये एकदा खुर्ची द्यायला वळले, तेवढंच."

"मग राहू दे," मधुरा म्हणाली. तिने ग्लास टेबलाच्या कडेला सरकवला, वेटरला हात केला आणि दुसरं सरबत सांगितलं. चिडली नाही, की आईला बोल लावला नाही. चप्पल काढून ठेवावी इतक्या सहज तिने तो ग्लास बाजूला केला.

"अगं, पुरता भरलेला आहे!"

"असू दे. आई, त्यात वाद नाही."

आता इथे वृंदाचं घराणं समजून घ्यायला हवं. तिच्या वडिलांच्या घरी एकच नियम होता, पानात टाकायचं नाही. कारल्याची भाजी संपेपर्यंत ती पाटावर बसलेली असे आणि बाकीची भावंडं अंगणात खेळून परत येत. पुढे लग्न झालं, मधुरा झाली, आणि नियम पाळायचं काम एकट्या वृंदाच्या पोटावर आलं. मधुराने अर्धं टाकलेलं केळं, साय धरलेलं दूध, गार झालेला उपमा, भिजून मऊ पडलेली बिस्किटं, हे सगळं वृंदाच संपवत आली. त्या काळात तिचं जे वजन वाढलं, ते तिच्या स्वतःच्या जेवणाने वाढलेलं नव्हतं. कुठल्याही आईला विचारा, हेच सांगेल.

तर तो ग्लास तिच्या कोपराशी उभा होता. पुदिना ताजा होता. बर्फ वितळत चालला होता. मुली भेटीचा कागद फाडण्यात गुंतल्या होत्या. मुग्धाला आत हातमागाचा स्टोल सापडला आणि ती किंचाळली, तेवढ्यात वृंदाने ग्लास उचलला आणि गटागटा पिऊन टाकला. थोडं खारट लागलं. काळं मीठ जास्त झालं असेल. तळाचा एक घोट तेवढा बर्फाखाली राहिला.

ग्लास खाली ठेवताना तिचं लक्ष शेजारच्या टेबलाकडे गेलं. तो मघाचा मुलगा तिच्याकडेच बघत होता. वृंदा ओळखीचं हसली. तो हसला नाही. त्याचा चेहरा एकदम पांढराफटक पडला, त्याने फोन उचलला आणि जवळजवळ पळतच जिना गाठला. त्याच्या बशीत गरम फिश फ्राय तसाच पडला होता, एक घास मोडलेला, शेजारी मोहरीच्या कासुंदीला बोटसुद्धा न लावलेलं. पानात टाकून गेला, वृंदाला वाटलं, आणि त्याचं आडनाव विचारण्यातला तिचा सगळा रस संपला.

पुढचं तिला सलग आठवत नाही. मुग्धा केक कापत होती. दिवे आधी छान वाटले, मग जास्तच छान वाटले, मग एकाचे दोन झाले. दिवसभर दगदग झाली, असं तिने स्वतःला सांगितलं. लेकीच्या मैत्रिणीसमोर कुठे दुखण्याची गोष्ट काढायची, म्हणून ती गप्प बसली. मग केकची बशी घ्यायला हात पुढे केला तर हात भलतीकडेच गेला.

"मधुरा," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "माझे पाय कुठे आहेत गं?"

मधुरा हसली. मुग्धा म्हणाली, "काकू, तुमचं डोकं घुमतंय का?" आणि तीही हसणार होती. पण मधुराचं हसू मध्येच थांबलं. तिची नजर टेबलाच्या कडेला गेली होती.

"आई. हे तू प्यायलीस?"

"टाकायचं कशाला," वृंदा म्हणाली. म्हणजे तिला तसं म्हणायचं होतं. तोंडातून काय बाहेर पडलं देव जाणे.

त्यानंतर तिला आठवतो तो मधुराचा आवाज, दुसऱ्या खोलीत लागलेल्या रेडिओसारखा, कधी स्पष्ट, कधी बारीक. ती ओरडत नव्हती. "मुग्धा, मॅनेजरला बोलाव. या ग्लासला कुणी हात लावायचा नाही, धुवायचा नाही, सांग त्यांना बंगालीत." मग हिंदीत कुणालातरी, ॲम्ब्युलन्स, लगेच. मग इंग्रजीत फोनवर, की पेशंटला ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे, सकाळी घेतली आहे, शुद्ध अर्धवट आहे. कुणीतरी म्हणालं, माझी गाडी आहे, मी सोडतो. "नको, थँक यू. आमच्याजवळच थांबेल ती," मधुरा म्हणाली. कुणीतरी म्हणालं, लिंबूपाणी पाजा. "काही पाजायचं नाही," मधुरा म्हणाली. वृंदाला तिने कुशीवर वळवलं, डोक्याखाली मुग्धाचा नवा स्टोल ठेवला, आणि हात घट्ट धरून ठेवला.

तेवढ्या धुक्यातून वृंदाच्या मनात एकच गोष्ट वर आली. हा ग्लास मधुराचा होता. त्या खुर्चीवाल्या मुलाने त्यात जे काही घातलं, ते तिच्यासाठी होतं.

"तू नाही ना प्यायलीस?" तिने विचारलं. परत विचारलं. किती वेळा विचारलं तिचं तिलाच कळलं नाही.

"नाही, आई. मी नाही प्यायले. माझ्याकडे बघ. मी नाही प्यायले."

वृंदाचा जीव भांड्यात पडला. मग तिने डोळे मिटले.

उघडले तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं. हाताला सलाईन होतं आणि शेजारच्या खुर्चीत शरद बसला होता, पायजम्यावर ऑफिसचे बूट घालून. त्याच्याकडे बघून तिला इतकं हसू आलं, की आपण ठणठणीत आहोत याची तिला खात्रीच पटली.

"हसतेस काय," शरद म्हणाला. त्याने चष्मा काढून पुसला. डॉक्टर येऊन गेले होते. गुंगीचं औषध होतं, वेळेवर आणलं म्हणून बरं, आता धोका नाही, दुपारी घरी जाता येईल. त्या मुलालाही पोलिसांनी सकाळीच उचललं होतं. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं, आणि शहाण्याने टेबल स्वतःच्याच फोन नंबरवरून राखून ठेवलं होतं. ग्लासाच्या तळाशी राहिलेला घोट तपासायला गेला होता.

"मी ठरवलंय," शरद म्हणाला. "मधुराला घेऊन जायचं. नोकरी गेली खड्ड्यात. एक दिवस इथे ठेवायची नाही तिला."

दार उघडून मधुरा आत आली. तिच्या हातात चहाचा कप होता, डोळे सुजलेले होते. बाबांचं बोलणं तिने ऐकलं होतं. कप आईच्या हातात देऊन ती पलंगाच्या कडेवर टेकली.

वृंदाने तिच्या केसांवरून हात फिरवला. मनात जे दाटून आलं होतं ते तिने बोलून टाकलं. "बरं झालं गं, माझ्या पोटात गेलं. तुझ्या पोटात गेलं असतं तर मी काय केलं असतं? देवानेच मला ती बुद्धी दिली."



"आई, ते माझ्या पोटात गेलंच नसतं," मधुरा म्हणाली.

 वृंदा लेकीकडे बघत राहिली. रात्री शुद्ध हरपेपर्यंत, आणि आत्ता डोळे उघडल्यापासूनही, ती मनाशी धरून बसली होती की आपण पोरीवरचं संकट आपल्यावर घेतलं. पण संकट पोरीवर आलंच नव्हतं. पोरीने ते हाताने बाजूला सारलं होतं, दुसरं सरबत मागवलं होतं, आणि विषय संपवला होता. संपलेला विषय उचलून तोंडाला लावला होता तो आईने.

"चूक माझीच झाली," मधुरा म्हणाली, आणि आता मात्र ती रडायला लागली. "मी तो ग्लास परत न्यायला सांगायला हवा होता. तसाच ठेवला, तोही तुझ्यासमोर. तुझ्यासमोर उरलेलं ठेवलं की काय होतं, हे मला माहीत नको? मला वाटलं तू जातेस की काय."

"बघितलंस?" शरद म्हणाला. "पोर किती घाबरली आहे. आणि हिला ठेवून जायचं म्हणे."

"अहो," वृंदा म्हणाली, "या पलंगावर कोण पडलंय?"

"म्हणजे काय? तू."

"आणि मला इथे कुणी आणलं? तो ग्लास कुणी सांभाळला? डॉक्टरांना माझ्या गोळीचं नाव कुणी सांगितलं? तुम्हाला तरी माहीत आहे का ते?"

शरदला माहीत नव्हतं.

"त्या मेल्याला संस्कारी कोण म्हणालं? मीच. नजर कुणाची हलली? माझी. ही घाबरली होती, तरी हिने एक गोष्ट चुकवली नाही. मी घाबरले नव्हते आणि सगळंच चुकवलं." वृंदाला दम लागला, पण छातीवरचं ओझं उतरून गेलं होतं, इतकं की तिला परत हसू यायला लागलं. "नागपूरला न्यायचंच असेल तर मला न्या. मला या गावात एकटं ठेवण्यात अर्थ नाही. हिला राहू दे."

 शरदने मधुराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तो फ्लॅट... कितव्या मजल्यावर आहे?"

मधुरा रडता रडता हसली. मग आई आणि मुलगी दोघीही इतक्या हसल्या, की नर्स डोकावून गेली. ती आलीच होती तर वृंदाला म्हणाली, जरा उठून पाय मोकळे करा, मी धरते. वृंदाने चहाचा कप टेबलावर ठेवला आणि तिच्या आधाराने व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. आपल्या पायांवर. पाय होते तिथेच होते.

परत येऊन ती पलंगावर बसली. शरद बाहेर फोनवर वृंदाच्या नागपूरच्या बहिणीला सगळं सांगत होता. मधुरा खिडकीशी मुग्धाला मेसेज करत होती, पाठ इकडे. टेबलावर कप होता. अर्धा भरलेला, अजून वाफ येणारा, हॉस्पिटलच्या मानाने चांगला, आलं घातलेला चहा. वृंदाने हात पुढे केला. मग मागे घेतला.

"मधुरा, या कपाकडे तुझं लक्ष होतं?"

मधुराने वळून बघितलं. "नव्हतं गं. पण इथे कोण येणार आहे, आई?"

वृंदाने कप उचलून लेकीच्या हातात दिला. देताना बोटं जरा रेंगाळली.

"ओतून टाक," ती म्हणाली. "आणि दुसरा आण."